थंड खोलीतल्या कोंबड्या

“आधी ऊब, मग बाकीचं,” असं मामा येताजाता म्हणायचे. कोंबड्यांच्या संशोधन केंद्रात रक्त तपासणारी बाई त्यांची सख्खी भाची. तिचं ऐकून सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. आईवेगळ्या त्या पोरीला त्यांनीच वाढवलं होतं. पुढे तिनंच त्यांना पिंजऱ्यांच्या कामावर लावून घेतलं.

मामांनी काखेत घेतलं की फडफडणारी कोंबडीही निवांत व्हायची. पहारेकरी चिडवायचा, मामींनी कधी इतकं ऐकलं का?

“तिथं काखेत मी होतो,” मामा म्हणायचे.

भाचीनं अर्ध्या कोंबड्या उबदार खोलीत ठेवल्या होत्या, अर्ध्या थंड खोलीत. गारठ्यात मानेतली थायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडते. किती जास्त, ते पंखाखालच्या शिरेतलं रक्त काढून मोजायचं. तिची नोकरी टिकणं याच मोजणीवर अवलंबून होतं.

मोजणी झाली, तर दोन्ही खोल्यांतल्या कोंबड्यांच्या रक्तात संप्रेरक जवळपास सारखंच. तिनं यंत्र तपासलं, रसायनं बदलली, पुन्हा मोजलं. फरक पडेना. साहेबांनी सरळ तिच्या हातालाच दोष दिला. तिचा डबा भरलेलाच घरी परत येऊ लागला.

एका संध्याकाळी ताटापुढं बसून तिनं मामांना सगळं समजावून सांगितलं. कोंबड्यांना गारठा लागतच नाही जणू, असं ती म्हणाली. मामांचा घास हातातच राहिला.

“गोणपाटानं एवढं होतं का गं?”

“कसलं गोणपाट?”

थंड खोलीतले जीव पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसायचे. मामांना बघवायचं नाही. रोज घरी निघताना ते पिंजऱ्यांवर जाड गोणपाट टाकत आणि सकाळी भाची यायच्या आत काढून ठेवत.

ती ओरडली नाही. खरकट्या हातानं तिनं ताट पुढं सारलं.

“मामा, त्यांना थंडी वाजायलाच हवी होती.”

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी भाचीला नव्या कोंबड्यांवर पुन्हा काम करायची मुभा दिली. मामांनी मात्र आवारात पाऊल ठेवायचं नाही, असं बजावलं.  मामांनी खोल्यांच्या किल्ल्या पहारेकऱ्याच्या हातात दिल्या.

भाची तेव्हा थंड खोलीत होती. धरणारं कोणी नव्हतं म्हणून कोंबडी तिनंच गुडघ्यांत दाबली होती. सुई शिरेत होती, रक्त नळीत चढत होतं. हात सोडणं शक्य नव्हतं. खिडकीच्या काचेतून तिला मामांची पाठ दिसत होती, फाटकाबाहेर पडून वळणापर्यंत.