दोन जावा, एक शेळी आणि जामीन

ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन पौडच्या पुढच्या एका गावात आले. बौद्धवस्तीत दहावी झालेली सून मी एकटीच. त्यामुळे पुण्याची एक संस्था बायकांना छोटी कर्जं द्यायला गावात आली, तेव्हा गटाचं लिहिण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. संस्थेच्या ताई एसटीनं यायच्या आणि अगदी मन लावून समजावून सांगायच्या. पाच जणींचा गट करायचा. तारण काही नको, पण प्रत्येकीनं दुसरीला जामीन राहायचं. एकीनं हप्ता थकवला की सगळ्यांचं पुढचं कर्ज बंद.

आमच्या पाच जणींत दोघी सख्ख्या जावा होत्या. अंगणातल्या ओट्यावरून त्यांचं कधीकाळी बिनसलेलं. राहायच्या शेजारी शेजारी, पण एकमेकींशी बोलत नसत. काही सांगायची वेळ आलीच, तर धाकटी ते अंगणातल्या कोंबडीला सांगायची आणि थोरलीनं ऐकायचं, अशी पद्धत होती.

ताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "एकाच घरातल्या आहात, मग एकमेकींना जामीन राहा की!" त्या आनंदानं म्हणाल्या. मी बोलणार होते, पण उरलेल्या दोघींनी डोळे वटारले. त्यांना कर्ज हवं होतं. मलाही हवं होतं.

थोरलीला शेळी घ्यायची होती, धाकटीला पौडच्या बाजारात सुकट विकायची होती. दोघी एकाच सतरंजीवर बसलेल्या, पण बोलणं माझ्यामार्फत.

"तिला इचार, शेळी नीट सांभाळंल का?"

"तिला सांग, शेळी माजी हाय. तिनं तिची सुकट बघावी."

"चर्चा छान चाललीय," ताई म्हणाल्या.

शेळी आली आणि धाकटीची झोप उडाली. शेळीला काही झालं तर हप्ता थकणार आणि आपली सुकट बुडणार, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. येता-जाता ती शेळीवर नजर ठेवायची आणि कोंबडीला बजावायची, "ओला पाला घालू नगं म्हनावं, पोट फुगतं."

श्रावणात शेळीचं पोट खरंच फुगलं. पुरुषमाणसं रानात गेलेली. थोरली रडत माझ्याकडं धावत आली. आम्ही पोचतो तोवर धाकटीनं शेळी खांद्यावर टाकली होती. तिघी पौडच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी एसटीच्या वाटेला लागलो. गाडी आली, पण कंडक्टर दारात आडवा.

"बाई, जनावर गाडीत चालत न्हाई."

"जनावर कुटं हाय? हे संस्थेचं कर्ज हाय!" धाकटी ओरडली आणि त्याच्या काखेतून आत शिरली.

कंडक्टरनं घंटी मारली.

सीटवर टेकताच धाकटी थोरलीकडं वळली. "तरी म्या सांगितलं व्हतं, ओला पाला घालू नगं!"

"तू कोंबडीला सांगितलंस! मला कवा सांगितलं?"

सगळी गाडी हसली. मग पाला राहिला बाजूला आणि विषय ओट्यावर गेला. इतक्या वर्षांची बोलण्याची थकबाकी दोघींनी पौड येईपर्यंत चुकती केली. मी शेळी मांडीवर घेऊन बसले होते.

डॉक्टरांनी औषध पाजलं. बराच वेळ काहीच होईना. थोरलीनं पुन्हा डोळ्याला पदर लावला. धाकटी हळूच म्हणाली, "आक्का, रडू नगं. मी हाय न्हवं?" इतक्यात शेळीनं लांबलचक ढेकर दिला. मला हसू आलं आणि रडूही.

शेळी जगली, पुढं व्याली. आमचा हप्ता कधी चुकला नाही. शेजारच्या गावचा गट मात्र मोडला. तिथं कर्ज बायकांच्या नावावर आणि पैसा नवऱ्यांच्या खिशात, असं झालं होतं. म्हणून आमच्या यशाचं कारण शोधायला एकदा संस्थेचे साहेब आले. ताईंनी प्रशिक्षण सांगितलं, नियमित बैठका सांगितल्या. तेही खोटं नव्हतं. मग साहेबांनी थोरलीला विचारलं.

"ही हाय ना जामीन," ती धाकटीकडं बोट दाखवून म्हणाली. "शेळी शिंकली तरी हिला कळतंया. हप्ता चुकवायची सोय हाय का?"

साहेबांनी कौतुकानं मान हलवली आणि 'परस्पर विश्वास' असं लिहून घेतलं. त्यांची जीप वळणाआड गेली न गेली तोच दोघी अंगणात भांडायला उभ्या राहिल्या. साहेबांनी कुणाच्या घरचा चहा संपवला आणि कुणाचा अर्धा ठेवला, यावरून.