मंगळावरचा बर्फ आणि दादांचा नारळ

माझे वडील, म्हणजे दादा, पाणाड्याचं काम करायचे. बोअर कुठे घ्यायचा ते सांगायचे. तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतभर चालायचं आणि नारळ उभा राहिला की तिथे दगड मांडायचा. मी तेलगावात विज्ञान शिकवते, त्यामुळे शाळेत माझी चांगलीच शोभा व्हायची. त्यात आमचं बौद्धाचं घर. मी कितीदा बोलले, पण दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका रविवारी मी मुलांसाठी मंगळाची माहिती काढत होते. दादांना मुद्दामच ऐकवलं, की मंगळावर मातीखाली बर्फ गाडलेला आहे आणि तो काही नारळाने सापडलेला नाही. वरून फिरणारं यान खाली लहरी सोडतं, परत आलेल्या लहरींवरून आत काय आहे ते कळतं.

तिथे कुठे कडा तुटलेला दिसला का, असं दादांनी विचारलं. कडा तुटला की आतले थर उघडे पडतात म्हणाले. तुटलेल्या कड्यांत दिसणाऱ्या बर्फाचे फोटो माझ्या मोबाइलवर समोरच होते.

मग मी खोदून खोदून विचारलं. दादांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या होत्या. मुरूम कुठे संपतो, काळा खडक कुठे लागतो, कोणत्या विहिरीला कोणत्या बाजूने झरा आहे, सगळं तोंडपाठ. जागा ते नजरेनेच हेरत.

"मग नारळ कशाला, दादा?"

"इहीर खांदणाऱ्याचं कोण ऐकतंय? नारळाचं ऐकतेत."

मला माझीच लाज वाटली आणि लोकांचा भयंकर राग आला. यापुढे नारळ न्यायचा नाही, जे माहीत आहे तेच सांगायचं, असा मी हट्टच धरला.

आठवड्याभरात शेजारच्या गावचा एक बागाईतदार गाडीवर न्यायला आला. दादा रिकाम्या हाताने गेले आणि भर उन्हात चालत परत आले. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यांच्यासमोरच दुसऱ्या पाणाड्याला फोन लावला होता.

मीच चप्पल घालून दुकानात गेले, शेंडीचा नारळ आणला आणि दादांपुढे ठेवला. उद्या परत जा, असं मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे, बाई. एकदा बिगर नारळाचं बोललो. आता नारळ हुबा राहिला तरी त्यायला खरं वाटायचं न्हाई."

तेव्हापासून त्यांना न्यायला कुणी आलेलं नाही.