देशमुखांच्या बंदुकीची माशी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. कारण या गोष्टीतलं गाढव दुसरं कुणी नाही, मीच आहे!

मी उमापूरचा सखाराम लोहार. निजामाच्या अमलात आमच्या भागात विलायती रायफल एकच, देशमुख मालकांची. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. हळद, कुंकू, वर तेल! नेम धरायला नळीच्या टोकावर ती बारकी माशी असते ना, ती त्या राड्यात पार बुजून गेली होती.

मालक म्हणाले, "मोमिनाबादच्या छावणीत धाडतो. तिथला कारागीर साफ करंल."

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मालक, गावात लोहार असताना छावणी कावून? मी करतो की! फकस्त एक मागणं हाय. यंदा पूजेत बंदुकीशेजारी माझा हातोडा मांडायचा."

आमच्या घराण्यात कुणाच्याच हत्याराला तो मान मिळाला नव्हता. मालक हसले. "बंदूक नीट झाली तर मांडू."

माशी दोन बारक्या पिनांवर बसवलेली. एका बाजूनं ठोकल्या, हलेनात. दुसऱ्या बाजूनं ठोकल्या, लगेच सुटल्या. तिथंच शहाणं व्हायचं ना? छे! माशी घासूनपुसून लखलखीत केली आणि पिना हातात घेऊन बघतो तर काय, दोन्हींचं एक टोक जाड, दुसरं बारीक!

"बघ गं गोदे," मी बायकोला म्हणालो, "विलायती माल! एका बाजूनं पार झिजलाय."

"दोन्ही अगदी सारख्याच कावून झिजतील?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं.

"तुला काय कळतंय बंदुकीतलं?"

अशा वेळी माणसाला कुणी थोबाडीत का मारत नाही, सांगा बरं! मी कानस घेतली आणि जाड टोकं घासून दोन्ही पिना एकसारख्या केल्या. काय सुरेख दिसत होत्या! भोकात घातल्या, तर या बाजूनं आत आणि त्या बाजूनं थेट जमिनीवर.

दसरा दुसऱ्याच दिवशी. करतो काय? लाख वितळवली, भोकात भरली, माशी चिकटवली, वरून काजळी फासली.

पूजेला पाटावर रायफल, शेजारी माझा हातोडा, त्यावर झेंडूचं फूल. सगळं गाव बघत होतं. माझी छाती भात्यासारखी फुगली होती.

देशमुखीणबाई ओवाळू लागल्या. आरती नळीच्या टोकाशी जरा जास्तच रेंगाळली. लाखेला ऊब लागली, माशी कलली आणि टण्ण! आरतीच्या ताटात.

मालकांनी ताटातली माशी चिमटीत उचलली.

"सख्या, हे काय बे?"

"मालक," मी घसा साफ केला, "बंदुकीनं... अक्षता वाहिली जणू."

बायकांतून गोदा पुढं झाली. "कशाची अक्षता! ह्यांनी पिनांची जाड टोकं कानशीनं घासली, मालक. अवं, कुऱ्हाडीची पाचर एका टोकाला जाड कावून असती? ठोकली की घट बसावी म्हणून! आन् आख्ख्या गावाच्या कुऱ्हाडीला पाचरी हेच मारून देत्यात!"

गाव पोट धरधरून हसलं. मालकांनी तर उपरण्यानं डोळे पुसले. मी लाजेनं अर्धा झालो. मान तर गेलाच, निदान हत्यार तरी न्यावं म्हणून हातोडा उचलायला वाकलो.

मालकांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. दरसाल पूजेला मांडू."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. "मालक, एवढा मान?"

"मान कसला बे! हातोडा माझ्या कुलपात असला, की तू माझ्या बंदुकीला हात लावणार न्हाईस."

बंदूक शेवटी मोमिनाबादलाच गेली. मी नवा हातोडा घडवला. दांडाही बसवला. पाचर मात्र गोदानं मला मारू दिली नाही, तिनं स्वतः ठोकली.