लाल पाटी आणि आतोबांचं घड्याळ

बॅटरी जपणारा माझ्या आतोबांसारखा दुसरा माणूस अख्ख्या भोपाळात नाही, हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. भोपाळ कशाला, इंदूर-ग्वाल्हेर धरून स्पर्धा ठेवा, पहिला नंबर आमचाच. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं ते जवळच्याच एका कॉलनीत बैठं घर बांधून राहिले. आत्या गेल्यापासून त्या घरात एकटे आहेत. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात. उजव्या हातात लग्नातलं चावीचं, डाव्या हातात लेकीनं दिलेलं स्मार्टवॉच. या स्मार्टवॉचमध्ये वेळ सोडून सगळं कळतं, कारण स्क्रीन उजळली की बॅटरी खर्च होते, म्हणून आतोबांनी तिचा उजेड असा काही मंद करून ठेवलाय की भर दुपारी ती पाटीसारखी काळीकुट्ट दिसते. कुणी किती वाजले विचारलं तर उजवं मनगट पुढे करतात. मी एकदा म्हटलं, मग हे डावीकडचं कशाला बांधलंय? तर म्हणाले, "ते बघायला नाही, चालू ठेवायला आहे."

यात विनोद नव्हता. आत्या गेली त्या वर्षी त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझी आतेबहीण मीनल हिनं, पुण्याला चला म्हणून धोशा लावला होता. फोनवर तेच, व्हिडिओवर तेच, दिवाळीला आली तरी तेच. आतोबा ऐकून घ्यायचे आणि मग कुंडीतल्या गुलाबाची माती मोकळी करायला निघून जायचे. दोघंही हट्टी, आणि हा हट्ट माझ्या आत्याचा नव्हे, हे मी माहेरच्या वतीनं स्पष्ट करते. शेवटी तह झाला तो या घड्याळावर. त्याच्यातून आतोबांच्या हृदयाचे ठोके, झोप, पावलं असं सगळं मोबाइलवरून मीनलला पुण्यात दिसतं. अट अशी की घड्याळ चालू आहे तोवर आतोबा भोपाळात. ते बंद पडलं आणि मीनलला बाबांचा पत्ता लागेना असं झालं, की मुकाट्यानं बॅग भरायची. आतोबांनी त्यात एक पोटकलम घातलं. बंद पडणं वेगळं आणि आपण होऊन बंद ठेवणं वेगळं. चार्जिंगसाठी काढलं तर तो कारखान्याच्या भाषेत शटडाऊन, आणि तो आधी कळवून घेतला जाईल. मीनल हसून बरं म्हणाली. तिला वाटलं, बाबा महिनाभरात कंटाळतील. बाबांना ती जन्मापासून ओळखते, तरी तिला असं वाटलं.

घड्याळ घेतलं जवाहर चौकातल्या एका दुकानात, आणि त्या दुकानदाराला तो दिवस अजून आठवत असणार. आतोबांनी रंग पाहिला नाही, पट्टा पाहिला नाही. बॅटरी किती चालते एवढंच विचारलं. तो पोरगेला माणूस सवयीनं म्हणाला, अंकलजी, आराम से हफ्ताभर. मग आतोबांनी त्याची उलटतपासणी घेतली. हफ्ताभर म्हणजे कुठल्या तापमानाला? ठोके सतत मोजत राहिलं तर किती, मधून मधून मोजलं तर किती? टेस्ट कुणी केली, त्याचा कागद आहे का? दुकानदार आधी हसला, मग खोकं उलटंपालटं करून वाचू लागला, मग त्यानं आम्हाला चहा पाजला. आठवडा उलटल्यावर आतोबा मुद्दाम सिटी बसनं तिथे गेले आणि बॅटरी तुम्ही म्हणालात त्याहून जास्त चालली, असं सांगून आले. तक्रार करायला येणारी माणसं त्या बिचाऱ्यानं रोज पाहिली होती. कौतुक करायला बस पकडून आलेला हा पहिलाच. माझा आतोबांविषयीचा अभिमान असा जागोजाग पसरलेला आहे.

आता लाल पाटीबद्दल सांगायलाच हवं. कारखान्यात एखाद्या लाइनवर काम सुरू असलं की तिच्या खटक्यावर पाटी लटकवतात, 'सावधान, काम चालू है'. पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. त्याचा साहेब आला, साहेबाचा साहेब आला, तरी हात लावायचा नाही, कारण पाटी लावणारा माणूस कुठेतरी त्या तारेवर असतो. आतोबांनी तशीच एक पाटी घरासाठी स्वतः रंगवली होती. एकदा मिक्सरचा प्लग दुरुस्त करायला घेतला, स्वयंपाकघरातल्या बटणांवर पाटी लावली आणि मध्येच ड्यूटीवरून बोलावणं आलं म्हणून तसेच गेले. माझी आत्या काही गरीब गाय नव्हती. तिनं भल्याभल्यांना सुतासारखं सरळ केलेलं होतं. पण ते परत येईपर्यंत तिनं त्या बटणाला बोट लावलं नाही, चटणी पाट्यावर वाटली आणि वाटताना जे बोलायचं ते बोलून घेतलं. मीनल दहावीला असताना तीच पाटी पळवून स्वतःच्या खोलीच्या दाराला लावायची. मग पाहुणे येवोत नाही तर आरतीची वेळ होवो, ते दार कुणी वाजवायचं नाही, आतोबा तर दारापुढून चपला काढून जायचे.

तीच पाटी आता घड्याळाच्या चार्जिंगला लागते. आठवड्यातून एक वार ठरलेला; त्या दिवशी सकाळची आंघोळ, पूजा झाली की आतोबा मीनलला फोन करतात, "शटडाऊन घेतोय." ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली तरी "घ्या" म्हणते, आणि तिचे सहकारी काय समजतात देव जाणे. मग घड्याळ पुसून आत्याच्या रेडिओशेजारच्या प्लगला लावायचं, वर पाटी अडकवायची आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून राहायचं. पूर्ण भरू द्यायचं नाही, माणसानं आणि बॅटरीनं दोन घास कमी खावेत, असं त्यांचं मत आहे. आणि मुख्य म्हणजे, घड्याळ हातात नसताना एक पाऊलही चालायचं नाही. जे पाऊल मोजलं जाणार नाही ते टाकायचं कशाला, हे त्यांचं तर्कशास्त्र. दारात दूधवाला असो नाही तर मी असो, आतोबा खुर्चीतूनच ओरडतात की कडी उघडी आहे, आत या. एकदा मी शाहपुऱ्याच्या माझ्या घरून एवढ्या उन्हात स्कूटरवर डबा घेऊन गेले तर म्हणाले, आलीच आहेस तर गॅसवरचं दूध बघ, उतू चाललंय. समोर दूध उतू जात होतं आणि हा गृहस्थ बॅटरीकडे बघत बसला होता. मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, कारण उठून जाता येत नव्हतं.

तर यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी मोठी आंधी आली. झाडं आडवी झाली, तारा तुटल्या, मोबाइलचे टॉवर गेले आणि आतोबांच्या बाजूचा सगळा भाग अंधारात बुडाला. आतोबांच्या घड्याळात नेमका शेवटचा घास उरला होता, चार्जिंगचा वार दुसऱ्या दिवशीचा होता. पण त्यांना फिकीर नव्हती. एकट्या माणसाच्या घरात त्यांनी दोन मोठ्या बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर बसवून ठेवलाय, ज्याला सगळी कॉलनी हसायची. शेजारी दुबेजी राहतात. त्यांच्या म्हाताऱ्या आईला, सगळे तिला अम्मा म्हणतात, ऑक्सिजनचं मशीन लागतं. दुबेजींचा जुना इन्व्हर्टर थोड्याच वेळात बसत आला. सिलिंडर मागवला होता, पण रस्त्यावर झाडं पडल्यामुळे गाडी पोचत नव्हती. दुबेजींनी कुंपणापाशी येऊन हे सांगितलं. आतोबांनी विचारलं ते एवढंच, की मशीन किती वॉटचं आहे. मग दोघांनी मिळून तो अवजड इन्व्हर्टर, बॅटऱ्यांसकट, कुंड्या हलवायच्या ढकलगाड्यावरून पलीकडे नेला.

हे मला कळलं दुसऱ्या सकाळी. उजाडताच मीनलचा फोन आला. बाबांचा फोन लागत नाही, संध्याकाळपासून घड्याळ गप्प आहे, तू जा. मी स्कूटर काढली. पोचले तर आतोबा दुबेजींच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेले, डोळे लाल, डावं मनगट मोकळं. नुकताच सिलिंडर पोचला होता. तोपर्यंत मशीन एकदाही थांबलं नव्हतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यातून निघाला तो राग. म्हटलं, अहो, घड्याळाला लागते कितीशी वीज? त्याच इन्व्हर्टरला बाजूला लावून टाकायचं होतं, मशीनला कळलंही नसतं. दुबेजी म्हणाले, हम भी यही बोले, दीदी, माने ही नहीं. आतोबांनी कप खाली ठेवला.

"आजारी माणसाच्या लाइनवर दुसरा लोड घ्यायचा नसतो. मग तो केवढाही असो."

त्यांना सारा हिशेब येतो. चिमूटभर विजेनं काही बिघडणार नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. तरी नाही म्हणजे नाही. पॉवर बँक त्यांना चालत नाही, कारण जिची तार भिंतीत जात नाही तो त्यांच्या मते सप्लायच नव्हे. असा माणूस. मी घरात गेले तर रेडिओशेजारी घड्याळ मरून पडलेलं, त्यावर लाल पाटी लावलेली, आणि दाराशी त्यांची सुटकेस भरून ठेवलेली. वर आत्याचा फोटो टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. मला म्हणाले, शटडाऊन घ्यायचा तर कळवून घ्यायचा असतो. मी कळवू शकलो नाही. म्हणजे ते बंदच पडलं. शब्द म्हणजे शब्द. एवढं बोलून ते गुलाबांना पाणी घालायला गेले, आणि आधीच घातलेलं होतं त्याच कुंड्यांना परत घालत राहिले.

फोन सुरू झाल्यावर मी मीनलला सगळं सांगितलं. तरी ती मिळेल त्या विमानानं आली. दुपारी घरात शिरली तेव्हा दुबेजींकडची सगळी माणसं आतोबांच्या बैठकीत होती. अम्मानं मुलाच्या हातून निरोप पाठवला होता की भाईसाहबना नेऊ नका. मीनलनं सुटकेस पाहिली, टॉवेलातला फोटो पाहिला, आणि सरळ रेडिओपाशी गेली. घड्याळ उचलायला हात पुढे केला आणि पाटी बघून तो तसाच मागे घेतला. दहावीतली मीनल मला लख्ख दिसली.

"पाटी कुणी लावली?" तिनं विचारलं.

"मी," आतोबा म्हणाले. "पण तुला कळवलं नव्हतं. बॅग भरलीय मी."

"पाटी लावली होती ना? मग बंद पडलं नाही, तुम्ही बंद ठेवलंत. कळवायला टॉवर नव्हता, तो तुमचा दोष नाही. आता वीज आलीय. मी नाही काढणार, ज्यानं लावली त्यानं काढायची."

आतोबांनी प्लगचं बटण दाबलं. मग म्हणाले, चार्ज होईतो पाटी राहू दे. मीनलनं तोंड फिरवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती. मी आत्याचा फोटो टॉवेलातून काढून भिंतीवर लावला. असे आहेत आमचे आतोबा, आणि अशी आहे त्यांची लेक. कुणाला नावं ठेवायची असतील त्यानं माझ्यासमोर ठेवून दाखवावीत.

मीनल पुढच्या चार्जिंगच्या वारापर्यंत राहिली. निघाली त्या सकाळी आतोबांनी पुन्हा शटडाऊन घेतला होता. फोन करायची गरज नव्हती, समोरच्या लेकीला सांगितलं आणि तिनं "घ्या" म्हटलं. रिक्षा दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हे खुर्चीतूनच ओरडून टाटा करणार. पण आतोबा उठले. मीनलची बॅग त्यांनी स्वतः उचलली, फाटकापर्यंत आले, रिक्षा सुटली तरी थांबले नाहीत. घड्याळ आत लाल पाटीखाली भरत होतं, आणि ते मोकळ्या मनगटानं रिक्षामागून रस्त्याच्या वळणापर्यंत हळूहळू चालत गेले. तिथे उभे राहिले, मग तेवढंच चालत परत आले. ती पावलं कुठेच मोजली गेली नाहीत.