लिंबूटिंबूला बाद करत न्हाईत

चांगलं खेळता येणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय. त्यांच्या तोंडचा 'नूब' हा शब्द तर कानाला नको वाटतो. नूब म्हणजे नवशिका, हाताला मंद, ज्याच्यामुळं आपण हरलो तो. थुंकी टाकल्यासारखा हा शब्द टाकतात. समोरचा माणूस कोण आहे, काय वयाचा आहे, दिवसभर काय उपसून आलाय, कशाची म्हणून फिकीर नाही. आणि हे मी तोंड वर करून सांगतोय खरा, पण मीही त्यांच्यातलाच एक आहे. ती घाण माझ्याही अंगाला लागलेली आहे.

मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. उद्यमनगरात एका कारखान्यात पंपांच्या भागांची ड्रॉइंग काढतो. आणि गेली चार वर्षं कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. त्यात हजारो माणसं एकाच वेळी एका खोट्या राज्यात हिंडत असतात. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला वाढवायचं आणि आठजणांचा गट करून गुहेत शिरायचं. गुहेत राक्षस असतो. एकजण ढाल घेऊन पुढं उभा राहतो आणि सगळा मार खातो, तो मी. सहाजण राक्षसाला हाणतात. आणि एकजण वैद्य असतो. प्रत्येकाच्या नावाखाली जिवाची हिरवी पट्टी असते, ती उतरली की वैद्यानं बटण दाबून ती भरायची. एवढंच. एवढ्यासाठी शिकलीसवरलेली माणसं माईकवर एकमेकांची आयमाय काढतात.

आमच्या गटाचं नाव तालीम. पाचजण कोल्हापूर-इचलकरंजीकडचे, दोघं पुण्याचे आणि एक गडहिंग्लजची, तिच्याकडं येतोच. गटाचा म्होरक्या स्वतःला वस्ताद म्हणवून घ्यायचा. तिशीचा गडी, घरात बसून कुठल्यातरी कंपनीचं काम करतो, जन्मात एक जोर मारलेला नाही. तालमीच्या मातीत उभा केला तर शिंकून शिंकून बेजार होईल. मी लहानपणी वर्षभर तालमीत गेलोय. आमचे वस्ताद सगळ्यात काडी पोराला रोज पाच मिनिटं स्वतःच्या अंगावर घ्यायचे, पाय धरू द्यायचे, पडल्यासारखं करायचे. ह्या भाड्यानं तो शब्द उचलला आणि लोकांना हाकलायला वापरला. मला तेव्हाच चीड यायला पाहिजे होती. पण ह्याची बोटं लई जोरात चालायची आणि त्याच्या गटात असलं की आपणही काहीतरी आहोत असं वाटायचं.

आता गडहिंग्लजची. ती माझी थोरली बहीण, आक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दाजींचं तिथं पेंडीचं दुकान आहे, लेक लग्न होऊन बेळगावला गेली. दीड वर्षापूर्वी आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती तीन महिने खाटेवर पडली. सिरियली बघून बघून डोकं उठलं म्हणाली. मग मी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर तिला हा खेळ टाकून दिला. म्हटलं, तू वैद्य हो, सोपं असतंय.

तिला तो खेळ असा काही आवडला की विचारायची सोय नाही. गुडघा बरा झाला, ती चालायला लागली, तरी रविवारी दुपारी तीनला हजर. त्याआधी सगळ्यांची जेवणं उरकायची, झाकापाक करायची, आणि शेजारणी बोलवायला आल्या तर सांगायची, "न्हाय बया, तीनला मला काम हाय." एकदा दाजी मला फोनवर म्हणाले, "तीस वर्सात तिनं 'मला काम हाय' म्हणून कुणाला परत धाडलं न्हवतं, आता मला पण धाडतीया." हसत होते, पण मला ते लक्षात राहिलं.

पहिल्यांदा आम्ही दोघंच बारक्यासारक्या गुहा करायचो. मग तालमीतला वैद्य सोडून गेला. वैद्याचं काम कुणालाच नको असतं, कारण त्यात मिरवता येत नाही. मी आक्काचं नाव सुचवलं. वस्ताद म्हणाला, "येऊ दे की, जागा भरायला."

पहिल्याच रविवारी तिनं माईक लावला आणि म्हणाली, "आलो बघा मी." पुण्याचा एकजण हसला. "अहो, तुम्ही ताई आहात की दादा?" आमच्याकडं बायका 'मी आलो, मी बघतो' असंच बोलतात, हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. आक्का म्हणाली, "आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. तुमच्याकडं पुरुष कसं बोलत्यात ते ऐकतोय की मी." सगळे खो खो हसले. तो पुण्याचाही हसला आणि तेव्हापासून तिला आक्काच म्हणायला लागला.

पण खेळात ती मंद होती. खोटं कशाला बोलू? राक्षसानं पाय आपटला की सगळ्यांनी डावीकडं पळायचं असतं. आक्का उजवीकडं पळायची, नाहीतर जागच्या जागी उभी. "थांबा जरा, चष्मा घसरला," म्हणायची. राक्षस थांबतोय होय? एका बोटानं बटणं शोधायची. ती मेली की आम्ही सगळे मेलोच. तीन वाजल्यापासून पाचपर्यंत तेच. पुन्हा शिरायचं, पुन्हा मरायचं. माईकवर उसासे ऐकू यायला लागले. सरळ शिवी दिलेली परवडते, पण तो नाकातून सोडलेला उसासा! त्याची मला इतकी किळस आली की हेडफोन काढून ठेवावासा वाटायचा. काढला नाही, ही गोष्ट वेगळी.

पाच-सहा रविवार असे गेल्यावर वस्तादनं सगळ्यांना एक तक्ता पाठवला. कोण किती हाणतो, कोण कुणाला किती औषध देतो, सगळं तो खेळ आपोआप मोजत असतो. आक्काचं जवळजवळ सगळं औषध एकाच माणसाला गेलेलं. मला. बाकीचे सहाजण तिच्या डोळ्यांदेखत मरत होते आणि तिनं त्यांच्याकडं बघितलंही नव्हतं. तक्त्याखाली त्यानं लिहिलं होतं, "खासगी वैद्य." त्यावर तिघांनी हसऱ्या तोंडाची चित्रं टाकली होती. एक चित्र मीही टाकलं.

मी आक्काला फोन केला. "आक्का, आठ पट्ट्या असतात."

"व्हय, दिसत्यात की."

"मग माझीच का भरतीस?"

"मार तू खातोस न्हवं पुढं हुबा राहून? तुझी खाली आली की मला दुसरं काय दिसत न्हाय बघ."

मी तेवढ्यावर सोडलं नाही. तिला तासभर शिकवलं. म्हटलं, माझं सोड, मी दम धरतो, तू सगळ्यांवर फिरती नजर ठेव. तिनं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं आठही नावं क्रमानं लिहिली आणि ते पान लॅपटॉपच्या मागं भिंतीला चिकटवलं. आठवडाभर रोज दुपारी एकटीच बारक्या गुहेत जाऊन सराव केला. शनिवारी मला म्हणाली, "उद्या बघच तू."

रविवारी तिनं खरंच सगळ्यांकडं बघितलं. एकेकाची पट्टी भरत गेली, मोठ्यानं नावं घेत. पुण्याचा ओरडला, "वा आक्का!" राक्षस अर्ध्यावर आला. एवढ्यात त्यानं मला धरलं. माझी पट्टी भरभर उतरत होती आणि आक्काची नजर कॅलेंडरच्या पानावर सहाव्या नावापाशी होती. मी मेलो. मी मेल्यावर मार खायला पुढं कुणी राहिलं नाही, मिनिटभरात आठही आडवे.

मग वस्ताद स्वतःशीच म्हणाला, "हे लिंबूटिंबू अजून किती दिवस ओढत न्यायचं?" माईक बंद आहे असं त्याला वाटलं होतं. बंद नव्हता.

आक्का शांतपणे म्हणाली, "व्हय की, हाय मी लिंबूटिंबू. पण पावणं, लिंबूटिंबूला बाद करत न्हाईत. खेळायला घेत्यात. त्याच्यावर राज्य देत न्हाईत. ह्यालाच इचारा की. ह्याला मी पाच वर्सं गल्लीत लिंबूटिंबू म्हणून घेऊन हिंडलो, कुणी एकदा बाद केलं न्हाय."

अगदी खरं होतं ते. गल्लीत लपंडाव असो, शिवणापाणी असो, मोठ्या पोरी खेळायला निघाल्या की मागं शेंबडं भावंड लागायचंच. ते लिंबूटिंबू. ते पळायचं, लपायचं, सापडायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि त्याला 'तू जा घरी' म्हणायची कुणाची टाप नव्हती. आई कामावर जायची, म्हणून आक्का मला कडेवर घेऊन खेळायची. मला घेणार नसाल तर मीही येत नाही, असं तिचं सरळ बोलणं असायचं. ह्या आताच्या लोकांनी तो शब्द चिडवायला उचलला आणि त्यातला कायदा तेवढा फेकून दिला. च्यायला, कोल्हापुरात वाढलेली माणसं ही!

पण तेव्हा मला असलं काही सुचलं नाही. मला लाज वाटली. सगळ्यांसमोर हिनं माझा शेंबूड काढला असं वाटलं.

वस्तादनं मत मागवलं. खेळात तशी सोयच आहे. एखाद्याला गटातून काढायचं तर पडद्यावर चौकट येते, 'काढा' आणि 'राहू द्या'. ज्याच्यावर मत आहे तो सोडून बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटात दाबायचं. बरोबरी झाली तर म्होरक्या ठरवणार. कुणी काय दाबलं ते नावापुढं सगळ्यांना दिसतं. तिलाही दिसतं.

सातजणांचं मत होतं. एकेक खूण उमटायला लागली. वस्ताद, काढा. इचलकरंजीचे दोघं, काढा. पुण्याचे दोघंही, राहू द्या. तो पहिल्या दिवशी हसलेला होता ना, त्यानं तर पहिल्याच सेकंदाला दाबलं होतं. आणखी एकजण, राहू द्या. तीन आणि तीन. उरलो मी.

माझं बोट माउसवर होतं. मला 'राहू द्या' दाबायचं होतं. पण आक्का राहिली तर हा राक्षस वर्षभर मरत नाही, हेही दिसत होतं. त्या राक्षसाला मारलं की एक खास ढाल मिळते, दोन वर्षं मी तिच्या मागं होतो. 'काढा' दाबण्याइतका नीच मी नव्हतो आणि 'राहू द्या' दाबण्याइतकी धमक नव्हती. पडद्यावर आकडे उतरत गेले, दहा, नऊ, आठ. मी बघत बसलो. स्वतःच्या हाताची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती, आणि तरीही तो हात मी हलवला नाही.

वेळ संपली. वस्तादनं ठरवलं. आक्काचं नाव यादीतून गेलं.

मी फोन करीन म्हणालो होतो मनात. सोमवारी केला नाही, मंगळवारी केला नाही. तिचाही आला नाही. बुधवारी संध्याकाळी नवा वैद्य आला, त्याची बोटं यंत्रासारखी चालत होती. पहिल्याच फेरीत राक्षस मेला. ढाल मला मिळाली. माईकवर सगळे ओरडत होते, "नादखुळा! विषय हार्ड!" आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मीही ओरडलो. पहिल्या दिवशी हसलेला तो पुण्याचा तेवढा ओरडला नाही. त्यानं 'शुभ रात्री' म्हटलं आणि गेला तो परत आलाच नाही.

रविवारी मी गडहिंग्लजला गेलो. वस्तादला कळवलं, कामामुळं येत नाही. स्टँडवरून चालत घरी पोचलो तेव्हा आक्का दारातच होती. "आलास? ये, हातपाय धू." नेहमीसारखंच. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, दही. दाजी उसाचं, पाण्याचं, दुकानाचं बोलत राहिले. खेळाचा विषय कुणीच काढला नाही. लॅपटॉप कपाटावर गेला होता, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती.

जेवणं झाली, दाजी आत कलंडले. तीन वाजायला आले. आक्का सवयीनं झाकापाक करून, पदराला हात पुसत लगबगीनं बाहेरच्या खोलीत आली आणि मधेच उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं. मग माझ्यासमोर येऊन बसली, हात मांडीवर ठेवून.

शेजारची बाई खिडकीतून ओरडली, "आक्का, मोकळी हाईस का?"

"हाय की," आक्का म्हणाली, "येतो थोड्या वेळानं."

मी म्हणालो, "मी निघतो. चारची गाडी गाठतो." उठलो, बूट घालायला वाकलो. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"व्हय रं, त्या रविवारी तुमच्याकडं लाईट गेल्ती काय? मत घेतलं तवा?"

मी बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"न्हाय, तुझ्या नावाफुडं काय उमटलंच न्हाय, म्हणून इचारतोय. मला वाटलं, लाईटच गेली असणार."

लाईट गेली की माणसाचं नाव पडद्यावर राखाडी होतं. हे तिला पहिल्या आठवड्यात मीच शिकवलं होतं, आणि ती शिकवलेलं कधी विसरत नाही. माझं नाव शेवटपर्यंत पांढरं होतं.

"व्हय," मी खाली बघतच म्हणालो. "गेल्ती."