दाबून सोडायचं बटण

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आत्याला तिच्या गावी, करकंबला, न पाठवता आम्ही शुक्रवार पेठेतल्या घरी आणलं. पलंग पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर पार मागे. मिक्सर चालू असला की तिची हाक मला ऐकू यायची नाही, आणि मग ती रुसायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला आलेले, दोन बटणांचे आणि एकमेकांना बिनतारी संदेश देणारे दोन छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड शाळेच्या कपाटात पडून होते. मुख्याध्यापिका बाईंना विचारून ते घरी आणले. एक आत्याच्या उशाशी, दुसरा माझ्या ओट्यावर. तिने डावं बटण दाबलं की माझा बोर्ड एकदा वाजेल, म्हणजे पाणी हवं. उजवं दाबलं की दोनदा, म्हणजे लघवीचं भांडं. अर्ध्या तासाचं काम, असं मी घरात सांगून ठेवलं होतं.

मी दाबलं की वाजायचं. आत्याने दाबलं की नाही! सेल बदलले, केबल बदलली, प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चढवला. तीन संध्याकाळी गेल्या.

"न्हाय वाजत गं तुजं हे," ती शांतपणे सांगायची.

चौथ्या दिवशी मी तिच्या अंगठ्याकडे बघत बसले. ती बटण दाबत होती आणि दाबूनच ठेवत होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'बटण दाबल्यावर' असं लिहिलेलं, पण बोर्डाच्या लेखी बोट लगेच उचललं नाही तर ते दाबणंच नव्हतं.

"अगं, दाबून सोड ना!"

"सोडल्यावर तुला कसं कळंल? दाराची बेल दार उघडंस्तवर दाबत्यात की."

"ही दाराची बेल नाहीये, आत्या!"

"मग त्यालाच शिकव की. मला कशाला वरडतीस?"

राग आला, पण म्हणणं खरं होतं. बोट टेकताच वाजेल असं लिहिलं, तर बोट असेपर्यंत थांबेचना. शेजारच्या काकू काय वाजतंय म्हणून विचारायला आल्या. मग एकदा वाजून बोट उचलेपर्यंत गप्प राहील, असं लिहिलं. जमलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच एकदा वाजलं. कणकेच्या हातांनी धावले. पेला भरलेला.

"पाणी हवंय ना?"

"न्हाय. वाजतंय का बघितलं."

दुपारपर्यंत तिने ते पाच वेळा बघितलं. पाचव्यांदा मी ओरडलेच. "आत्या, तुला नेमकं काय हवंय?"

"काय न्हाय. हितं एकटीला लई कटाळा येतो."

मी डोक्याला हात लावला. संध्याकाळी दोन्ही बटणं एकदम दाबली तर तीनदा वाजेल, म्हणजे 'नुसती ये', असं करून दिलं. तिला ती एकदम दाबता येईनात. एक आधी, दुसरं मागून. मी पाणी घेऊन जायचे, भांडं घेऊन जायचे, दोन्ही चुकायचं. शेवटी भाजी निवडायला तिच्या पलंगाशीच बसू लागले.

दोनेक महिन्यांनी वॉकर धरून ती स्वतःच ओट्यापर्यंत आली आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगून गेली. सोमवारी मी दोन्ही बोर्ड शाळेत नेऊन दिले.