झिजली ती चालली

कॅसेट हातात आली की ते आधी करंगळी तिच्या चाकात घालायचे. दोन वळसे फिरवायचे, पट्टीचा वीतभर तुकडा बाहेर काढायचे आणि डॉक्टर एक्स-रे धरतात तसा उन्हाकडे धरायचे. एक डोळा मिटलेला. समोर गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग निकाल यायचा.

"झिजली." आणि जरा थांबून, "म्हंजे चालली."

झिजलेली नसेल त्या कॅसेटबद्दल त्यांना बोलण्यासारखं काही नसायचं.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात मी वाचनालयाचा ग्रंथपाल होतो आणि रस्त्यापलीकडच्या गाळ्यात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. वाचनालयासमोर असं दुकान कोणाला सुचलं, हा वाद आम्ही वर्षानुवर्षं घातला. दुकान आधीचं, असं ते म्हणत. वाचनालय आधीचं, असं मी म्हणे. माझ्या भिंतीवर ठळक अक्षरांत 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती त्यांच्या गल्ल्यावरून स्पष्ट दिसायची. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलो की ते पाटीकडे पाहून म्हणत, "लय सुंदर अक्षर हाय सर." आवाज तेवढाच.

गाव त्यांना उस्ताद म्हणे. त्यांना कुठलंही वाद्य वाजवता येत नव्हतं आणि गळाही बेताचाच होता, पण आपल्याकडे पदव्या अशाच मिळतात.

त्यांच्या दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. बाजाराच्या दिवशी सकाळी ते तो ओल्या फडक्यानं पुसत आणि त्यावर खडूनं लिहीत: 'चालू हप्त्यातले पयले पाच'. खाली पाच नंबर. त्यात गाण्यांची नावं नसत, गाण्यांच्या जाती असत. कव्वाली, डिस्को, प्रेमगीत, गजल, लावणी, भजन, होळी आली की बंजाऱ्यांच्या तांड्यावरची लेंगी गाणी. बाजाराला आलेली माणसं कापसाचा भाव विचारण्याआधी हा फळा वाचून जात. यातली फळ्यावरची बातमी निदान कधीमधी चांगली असे.

हे नंबर ते लावायचे कसे, याचं मला कुतूहल होतं. वर्तमानपत्रांत विक्रीवरून क्रम लावतात, एवढं मला ठाऊक होतं, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

"विकली त्याच्यावरून काय समजते सर?" ते म्हणाले. "जावई येते, कॅसेट घेऊन देते. लग्नात आंदण येते. शेजाऱ्यानं घेतली म्हणून बी घेतेत. मले बिघडून कोणती येते ते पाहा लागते. माणूस जे वाजवते तेच तुटते."

म्हणजे त्यांचा फळा हा दुरुस्तीला आलेल्या कॅसेटींचा फळा होता. ज्या प्रकारच्या पट्ट्या सर्वांत जास्त झिजून आल्या, तो प्रकार पहिला. ही पद्धत जगात दुसऱ्या कोणी वापरली असेल असं वाटत नाही. तुटलेली पट्टी ते नेलपॉलिशनं जोडत. गल्ल्यावर लाल रंगाची बाटली कायम उघडी असे आणि त्यांची बायको डबा घेऊन आली की हमखास म्हणे, "माह्या नखाले कधी थेंब नाही लागला. या कॅसेटी मात्र नवऱ्या होऊन बसल्या."

तरुणपणी ते लाउडस्पीकरवाल्याकडे ऑपरेटर होते, त्यामुळे ग्रामोफोनच्या तव्यांच्या काळापासूनचा हिशेब त्यांच्या जिभेवर होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दशकं उलगडत. सत्तरच्या दशकात कव्वाली. लग्न कोणाचंही असो, कव्वालीचा तवा घासून घासून पांढरा पडे. ऐंशीत डिस्को आलं. "पोट्टे कापूस वेचाले जात तं कमरेले वटीची झोळी बांधून नाचत. मायबाई शिव्या देत. पन काय करता, जमानाच कमरेचा होता." त्याच वर्षांत मास्तर लोकांच्या आणि बँकवाल्यांच्या घरून गजल येई, पण कमी झिजलेली. "गजल घेतेत लय, ऐकतेत कमी. पावणे आले का लावतेत." हे बोलताना ते माझ्याकडे का पाहत, ते मी विचारलं नाही. नव्वदीत प्रेमगीतांनी सगळं धुऊन काढलं. कापसाचे चुकारे वेळेवर हातात पडले की लोक बाजारातून टेप घेऊन जात आणि आठवडाभरात रडणाऱ्या प्रियकराची पट्टी गुंतवून परत येत.

रेडिओवरही तेव्हा गाण्यांचे नंबर लागायचे. ते उस्तादांना मान्य नव्हते. "ते मुंबईचे नंबर सर. मुंबईले कुठं आपल्यासारखी धूळ हाय?"

एकच जात त्यांनी फळ्यावर कधी लिहिली नाही. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. एप्रिल महिन्यात दुकानात भीमगीतांशिवाय काही वाजत नसे आणि झिजून येणाऱ्या कॅसेटींत त्यांचाच ढीग मोठा असे. मी एकदा म्हटलं, तुमच्याच नियमानं हा पहिला नंबर झाला.

"ते नंबरात नाही बसवत सर. मायचा नंबर लावते का कोणी?"

ते चुकतही. गजल गावोगाव जाईल असं त्यांनी दोनदा जाहीर केलं होतं. सीडी आली तेव्हा ती हातात घेऊन, उलटीपालटी करून त्यांनी निकाल दिला, "हे नाही चालनार. ह्याच्यात तोंड दिसते, झीज दिसत नाही." सीडी चालली. पुढे मोबाइल चालला. उस्ताद मात्र या निकालावर ठाम राहिले.

मग ती वर्षं आली, ज्यांत आमच्या कापसाच्या जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात येऊ लागलं. कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे. बाहेर देशभर जुन्या गाण्यांना ढोल लावून नव्यानं विकण्याची लाट होती आणि उस्तादांच्या फळ्यावर मात्र वेगळंच घडत होतं. आधी प्रेमगीतं वर राहिली. पुढच्या वर्षी डिस्को वर आलं, त्याच्यानंतर कव्वाली. काळ उलटा चालला होता. मला वाटलं, उस्तादांचं डोकं फिरलं.

"माहं नाही फिरलं," ते म्हणाले. "नवी कॅसेट कोणी घेऊनच नाही राह्यलं. घरात जुनी होती ते काढून वाजवून राह्यले. मंग जुनीच बिघडन ना जी."

त्याच वर्षांत त्यांच्या फळीवर एक खोकं भरत गेलं. दुरुस्त करून ठेवलेल्या, पण न्यायला कोणी न आलेल्या कॅसेटी. प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी. कोणी राजूरच्या कोळशाच्या खाणीवर कामाला गेलं, कोणी सुरतेला. काही जण येणारच नव्हते आणि तेही सगळ्यांना माहीत होतं. उस्ताद त्या कॅसेटी विकत नसत, पुसून दुसरी गाणीही भरत नसत. बाजार उठला की एकेक लावून शेवटपर्यंत फिरवत.

"पट्टी एका जागी बसून राह्यली का एकमेकीले चिकटते. फिरवत राहा लागते."

"पण मालकच आला नाही तर?"

"तं काय झालं? कॅसेटले काय माहीत?"

ज्या गाळ्यात हे सगळं चालायचं, तो भाऊसाहेबांचा होता. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातलं प्रस्थ. गाळ्यांची ती पूर्ण रांग त्यांची, कापसाची जिनिंग त्यांची आणि आमदारकीची इच्छाही त्यांचीच. त्यांनी स्वतःवर गाण्यांची एक कॅसेट काढून घेतली होती. एका गाण्यात ते सूर्य होते, एकात वटवृक्ष, एकात कापसासारखे शुभ्र. कापसाच्या भावाचा उल्लेख कुठल्याच गाण्यात नव्हता. ती कॅसेट घरोघर फुकट वाटली गेली.

अशात दिल्लीहून पाहणी पथक येणार असल्याची बातमी आली. त्या वर्षांत पाऊस कमी आणि पथकं जास्त. भाऊसाहेबांचे दिवाणजी उस्तादांच्या दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो, आवाज कमी करायला सांगायला गेलेलो.

"पथक इथूनच जाईन," दिवाणजी म्हणाले. "तुमचा फळा रस्त्यावर दिसते. पयल्या नंबरावर भाऊसाहेबाची कॅसेट पाह्यजे."

"एक बी बिघडून नाही आली जी," उस्ताद म्हणाले. "लय मजबूत निघाली."

"मस्करी नोका करू. गाळा कोनाचा हाय, माहीत हाय ना? दिवाळीले करार संपते."

"गाळा भाऊसाहेबाचा हाय. फळा माहा हाय."

दिवाणजी गेल्यावर उस्तादांची बायको डबा सोडत म्हणाली, "लिहून टाका ना जी. खडूच तं हाय. पथक गेलं का पुसून टाका." मीही तेच सांगितलं, जरा शुद्ध भाषेत. दुकान गेलं तर या वयात दुसरीकडे कोण जागा देणार? उस्ताद भाकरी खात राहिले. शेवटचा घास संपल्यावर म्हणाले, "खडू हाय म्हणून तं. पुसता येते ते खोटं लिहाले लय सोपं असते."

दोन-चार दिवसांनी जिनिंगमधली माणसं पोतं घेऊन आली. पोत्यात भाऊसाहेबांच्या कॅसेटी होत्या, प्रत्येकीतून शेवयांसारखी पट्टी बाहेर लोंबत होती. नियमाप्रमाणे आता पहिला नंबर त्यांचाच व्हायला हवा होता. उस्तादांनी एकेक कॅसेट घेतली, करंगळी घातली, उन्हाकडे धरली.

"हे ओढली. झिजली नाही." दुसरी घेतली. "हे बी ओढली."

पोतं संपेपर्यंत ते हेच म्हणत होते. आलेल्यांपैकी एक जण खाली मान घालून पुटपुटला, "उस्ताद, आमाले सांगतलं तसं केलं."

"तुमचा काय दोष गा? चहा घ्या." मग त्यांनी लाल बाटली पुढे ओढली आणि त्या सगळ्या कॅसेटी जोडून दिल्या. मजुरी घेतली नाही. "बिमार असती तं पैसे घेतले असते. हिले तं मार बसला."

फळ्यावर त्या आठवड्यात कव्वाली पहिली होती.

पथकाच्या दिवशी कमान उभारली होती, रांगोळ्या होत्या, भाऊसाहेबांची गाणी मोठ्यानं लागली होती. नुकत्याच जोडलेल्या कॅसेटीवर, हे मी नमूद करतो. मधूनच वटवृक्ष किंचित अडखळत होता. पथकाला जेवणातच उशीर झालेला. गाड्या काचा बंद करून कमानीखालून निघून गेल्या. हार घेतलेले हात तसेच राहिले.

फक्त शेवटची गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून धावत उस्तादांकडे आला. गाडीच्या टेपात त्याची कॅसेट गुंतली होती. उस्तादांनी ती घेतली, करंगळी घातली, पट्टी उन्हाकडे धरली.

"झिजली," ते म्हणाले.

"हाँ चाचा, रोज़ सुनता हूँ," ड्रायव्हर म्हणाला.

आमच्या गावात त्या पथकाची पाहणी एवढीच झाली.

दिवाळीला गाळा गेला. आरडाओरडा नाही, भांडण नाही. आता तिथे मोबाइल रिचार्ज होतो. आदल्या दिवशी उस्ताद रस्ता ओलांडून वाचनालयात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एका हातात ते खोकं, दुसऱ्या हातात छोटा टेप.

"पोरीकडे चाललो, लोहाऱ्याले. तथी एका कारखान्याच्या गेटावर काम हाय म्हणते जावई. तथी हे ठेवाले जागा नाही." खोकं माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "महिन्यातून एक डाव फिरवत जा सर."

"इथं? वाचनालयात?"

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे जवळून पाहिलं.

"लय सुंदर अक्षर हाय," ते म्हणाले. "आवाज बारीक ठेवा."

सुरुवातीला ते बाजाराच्या दिवशी लोहाऱ्याहून यायचे, दारातूनच विचारायचे, "कोणी आलतं?" मग येणं कमी झालं. मग जावयाच्या गावाकडून आलेल्या कोणीतरी, दुसरंच काही सांगता सांगता, ते गेल्याचं सांगितलं.

मी कॅसेटी फिरवतो. वर्तमानपत्र वाचणारे वर्गणीदार पाटीकडे बोट दाखवतात, मी आवाज आणखी थोडा उतरवतो.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली. चपला बाहेर काढून, दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या मालकानं उस्तादाकडं कॅसेट दिलती. इथं हाय म्हणतेत." तिनं गावाचं नाव सांगितलं. चिठ्ठी सापडली. वाजते का पाहावं म्हणून लावली तर ती बसली नाही, पदर सावरून उभ्यानंच पूर्ण बाजू ऐकली. कव्वाली होती. वर्तमानपत्रं खाली आली, पण पाटीकडे कोणी बोट दाखवलं नाही.

कॅसेट हातात घेतल्यावर तिनं विचारलं, "झिजली का जी?"

मला त्यातलं काही कळत नाही. मी करंगळी चाकात घातली, दोन वळसे फिरवले आणि पट्टी खिडकीतल्या उन्हाकडे धरली.

"झिजली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "रोज लावत ते."